ऐकणाऱ्यांनी राखलेला इतिहास

बैठक उठली, समया मालवल्या, तंबोरे गवसणीत गेले, म्हणजे जुन्या काळी गाण्याचे मागे काही उरत नसे. उरे ती आठवण. आणि आठवणीवर वाद घालणे मोठे कठीण असते. बालगंधर्वांचे एखादे पद कोल्हापूरच्या रसिकाने ऐकलेले असे ते एका रात्रीचे, नागपूरच्या रसिकाने ऐकलेले असे ते दुसऱ्या रात्रीचे. दोघेही आपापल्या परी खरे बोलत; परंतु ते एकाच वस्तूविषयी बोलत आहेत, असे काही म्हणता येत नसे. ध्वनिमुद्रिका आली आणि ही अवस्था पालटली. तोच गळा, तीच तान, दम घेतल्याची तीच अस्पष्ट खूण दोन दूरच्या गावांत, दोन वेगवेगळ्या वर्षी ऐकता येऊ लागली. सामान्य श्रोत्याला आपले मत दुसऱ्याच्या मतावर घासून पाहण्याची सोय झाली ती तेव्हापासून.

ही मतांची देवघेव वरवर पाहता रिकामपणचा उद्योग वाटतो. अमुक गाणे कोणाचे, ते त्या चित्रपटातले की दुसऱ्या, चाल कोणी बांधली, तबकडीवरचे कडवे पडद्यावर का नव्हते, असले प्रश्न. चहाच्या टेबलावर ते निघत आणि चहाबरोबरच संपत. तरीही भारतीय चित्रपटसंगीताचा जो इतिहास आज हाती आहे, त्याचा फार मोठा भाग या उद्योगातून जमा झाला आहे. ज्यांनी गाणी निर्माण केली त्यांनी ती जपली नाहीत. ज्यांनी विकली त्यांनी त्यांची धड नोंद ठेवली नाही. नोंद ठेवली ती ऐकणाऱ्यांनी.

या इतिहासाच्या आरंभापाशीच नावाचा प्रश्न उभा आहे. १९०२ मध्ये फ्रेडरिक गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक ग्रामोफोन कंपनीच्या वतीने कलकत्त्यास आला आणि त्याने जे आवाज मुद्रित केले त्यांत गौहरजानचा आवाज सर्वाधिक गाजला. गाणे संपता संपता ती आपले नाव इंग्रजीत उच्चारी. मेणावर उमटलेले ते गाणे जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात जाई. तेथील कारागिरांना हिंदुस्थानी भाषांचा गंध नसे. कोणत्या तबकडीवर कोणाचा आवाज आहे हे त्यांना कळावे एवढ्यासाठी ही योजना होती, असे सांगतात. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदा येथे तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडीतील मुख्य द्रव्य लाख; आणि लाख तर याच देशातील अरण्यांतून जगभर जात असे. झाडावरचा किडा, जंगलात लाख गोळा करणारे हात, कारखाना आणि गायिका अशा साखळीतून तीन मिनिटांचे गाणे श्रोत्याच्या घरी पोहोचे. घरी म्हणणेही धाडसाचेच, कारण ग्रामोफोन ही श्रीमंतांची वस्तू होती. बहुतेकांनी तो ऐकला तो दुसऱ्याच्या दिवाणखान्यात, दुकानाच्या पायरीवर, नाहीतर गिऱ्हाईक खेचण्यासाठी तबकडी लावणाऱ्या हॉटेलात. गाणे असे चारचौघांत ऐकले गेले, आणि चारचौघांत ऐकलेल्या गाण्यावर चार मते पडणारच.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा 'आलमआरा' झळकला आणि हिंदुस्थानचा बोलपट बोलू लागला. बोलू लागला तो गातच. त्यात सात गाणी होती. पहिले गाणे वझीर महंमद खान यांनी फकिराच्या भूमिकेत गायले. दुसऱ्याच वर्षी आलेल्या 'इंद्रसभे'त सुमारे सत्तर गाणी होती. परंतु 'आलमआरा'च्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत. चित्रपटाचे गाणे चित्रपटाबाहेरही जगू शकेल, ही कल्पना तेव्हा कोणाच्या मनात रुजलेली नव्हती. ती रुजायला फार काळ लागला नाही. थोड्याच वर्षांत बोलपटाबरोबर तबकडी आणि तबकडीबरोबर गाण्यांचे स्वस्त चोपडे अशी त्रयी ठरून गेली. चित्रपटगृहाच्या दाराशी विकले जाणारे ते चोपडे आठ-दहा पानांचे असे. कथानकाचा सारांश देऊन शेवट मात्र 'पडद्यावर पाहा' म्हणून राखून ठेवलेला. कागद हलका, छपाई त्याहून हलकी. चित्रपट उतरला की ते रद्दीत जाई. ज्या थोड्या घरांत ते पेटीच्या तळाशी राहून गेले, त्या घरांनी नकळत पुढच्या अभ्यासकांची सोय करून ठेवली.

१९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या 'धूपछाँव'मध्ये पार्श्वगायनाचा प्रयोग झाला. दिग्दर्शक नितीन बोस, संगीतकार रायचंद बोराल. नटाचे ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, ही युक्ती प्रथम सोय म्हणून आली आणि पुढे रीत होऊन बसली. रीत होताच नावाचा प्रश्न बिकट झाला. तबकडीवर कधी नटीचे नाव येई, कधी पात्राचे; प्रत्यक्ष गाणारी व्यक्ती पडद्याआड आणि कागदाआडही राही. त्यातच चित्रपटातील गाणे आणि तबकडीवरील गाणे पुष्कळदा एकच नसे. तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच काळ मावे. लांब गाणे दोन बाजूंवर विभागावे लागे, किंवा एखादे कडवे गाळावे लागे. काही वेळा तबकडीसाठी गाणे नव्याने मुद्रित होई, आणि मग लय, वाद्ये, क्वचित गाणाराही बदले. अशा स्थितीत 'मी ऐकले ते असे नव्हते' म्हणणारा श्रोता नेहमीच चुकत असतो, असे नाही. त्याचे भांडण पुढे पुराव्यापर्यंत पोहोचले, हेच या कथेतले महत्त्वाचे.

१९४९ साली आलेल्या 'महल' या चित्रपटाने हे प्रकर्षाने दाखवून दिले. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीतकार खेमचंद प्रकाश, पडद्यावर मधुबाला. 'आयेगा आनेवाला' हे गाणे नभोवाणीवर वाजू लागले आणि देशभर लोकांनी कान टवकारले. तबकडीवर गायिकेच्या जागी नाव होते 'कामिनी'. म्हणजे मधुबालेच्या पात्राचे नाव. ही कामिनी कोण, असे श्रोत्यांनी नभोवाणीला विचारले. नभोवाणीने ध्वनिमुद्रण कंपनीला विचारले, आणि उत्तर आले : लता मंगेशकर. मास्टर दीनानाथांची ही कन्या तेव्हा विशीत होती. खेमचंद प्रकाश त्या यशाचे पुरते सुख घेण्यापूर्वीच निवर्तले. श्रोत्यांच्या साध्या कुतूहलाने एका गळ्याला त्याचे नाव परत मिळवून दिले, ही घटना लहान खरी. परंतु तिच्यात पुढच्या पुष्कळ गोष्टींचे बीज होते. आठ वर्षांनी, १९५७ मध्ये, 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले तेव्हा त्या समारंभात गाण्यास लताबाईंनी नकार दिला. कारण पारितोषिकांत गायकाला स्थानच नव्हते. १९५९ पासून ते स्थान निर्माण झाले, आणि पहिला मान 'मधुमती'तील गाण्यासाठी त्यांनाच मिळाला.

श्रोत्याच्या मताला राष्ट्रव्यापी महत्त्व आले ते मात्र एका निर्बंधामुळे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय नभोवाणी मंत्री झाले. केसकर महाराष्ट्रीय, शास्त्रीय संगीताचे जाणते आणि अभिमानी. संस्थाने लयास गेली होती, गवयांचा आश्रय तुटला होता, आणि तो आश्रय आकाशवाणीने द्यावा ही त्यांची भूमिका होती. ती भूमिका उथळ नव्हती. आज शास्त्रीय संगीताची जी अमोल ध्वनिमुद्रणे आकाशवाणीच्या संग्रहात आहेत, त्यांमागे त्या काळातील धोरणाचा वाटा आहे, हे नाकारता येत नाही. परंतु त्या भूमिकेची दुसरी बाजू अशी, की चित्रपटगीतांचा वेळ तोडला गेला आणि गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय, असे ठरले. निर्मात्यांनी चिडून गाणी वाजविण्याचा परवाना काढून घेतला. नावावरूनच निघालेल्या या भांडणात चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले.

लोकांनी मग काटा फिरवला. सिंहलद्वीपातील रेडिओ सिलोनचे प्रक्षेपक दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेले. त्यांच्या लघुलहरी हिंदुस्थानभर ऐकू येत. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत, फिती विमानाने कोलंबोस जात, आणि तेथून निघालेला आवाज पुन्हा समुद्र ओलांडून हिंदुस्थानच्या घराघरांत येई. आरंभी सात गाणी वाजवून श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावावा, अशी स्पर्धा होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याची संख्या पासष्ट हजारांवर गेली, असे सयानी सांगत. पत्रे मोजता मोजता माणसे थकली, तेव्हा क्रम लावण्यासाठी तबकड्यांच्या विक्रीचे आकडे आणि गावोगावच्या श्रोतासंघांची मते घेण्याची पद्धत पडली. १९५३ च्या वार्षिक यादीत अग्रस्थान मिळाले ते 'अनारकली'तील गाण्याला. त्याचे संगीतकार नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र.

गीतमाला नव्या गाण्यांची. पण त्याच केंद्रावर सकाळी साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांची गाणी लागत, आणि अखेरचे गाणे ठरलेले असे : कुंदनलाल सैगल यांचे. सैगल १९४७ च्या जानेवारीत जालंधरला वारले; त्यानंतर कित्येक वर्षे पुष्कळ घरांतले घड्याळ त्यांच्या आवाजावर लागे. गाणे सुरू झाले की शाळा-कचेरीची घाई. ज्या मुलांनी सैगल यांचा एकही चित्रपट पाहिला नाही, त्यांना त्यांची गाणी पाठ झाली. जुन्या संगीताची आवड नव्या पिढीत उतरते ती अशी, कोणी शिकवल्यावाचून. लघुलहरींना सरहद्द नव्हती. १९४७ नंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेली. १९६५ च्या युद्धाने तिकडे भारतीय चित्रपटांची दारे बंद झाली. तरी कोलंबोहून येणारे गाणे लाहोरात आणि अमृतसरात एकाच क्षणी ऐकले जात होते.

आकाशवाणीलाही लोकमताकडे पाठ फिरवून राहता आले नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा प्रारंभ झाला. कवी नरेंद्र शर्मा तिचे सूत्रधार. उद्घाटनाचे गीत त्यांचे, चाल अनिल विश्वास यांची, गायक मन्ना डे. फर्माईशीची पत्रे आता देशातच येऊ लागली. त्या पत्रांनी एका गावाला दंतकथेचे भाग्य दिले. आजच्या झारखंडातील कोडर्मा जिल्ह्यातले झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव. तेथून इतक्या फर्माईशी येत, की असे गाव खरोखर आहे की निवेदकांची थट्टा, असा प्रश्न लोकांना पडे. त्यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु खाणीच्या गावातला माणूस पोस्टकार्ड घेतो, त्यावर घरच्यांची आणि मित्रांची नावे लिहितो, आणि दूरच्या शहरातील निवेदकाच्या तोंडून ती ऐकण्यासाठी कान लावून बसतो, यात गाण्याच्या आवडीखेरीज आणखीही काही आहे. ज्यांची नावे कोठेच उच्चारली जात नव्हती, ती या निमित्ताने देशभर उच्चारली गेली.

पत्रे लिहिणाऱ्यांतूनच पुढे संशोधक निघाले. आवड वादात शिरली, वाद पुराव्यापाशी अडला, आणि पुराव्याचा शोध व्यसन होऊन बसला. कोणी मुंबईच्या चोरबाजारात तबकड्यांचे ढीग उपसू लागला; कोणी रद्दीवाल्याकडून चोपडी मिळवू लागला. तबकडीच्या कागदी चकतीवर कंपनीचा विक्रीक्रमांक असतो. त्याखेरीज लाखेतच कोरलेला साच्याचा क्रमांक असतो. या दुसऱ्या क्रमांकावरून गाणे कोणत्या सुमारास मुद्रित झाले, दोन तबकड्यांवरचे मुद्रण एकच की निराळे, याचा छडा लागतो. चकतीवरचे नाव, चोपड्यातले नाव आणि चित्रपटाच्या श्रेयपटावरील नाव अशा तीन साक्षी ताडून पाहाव्या लागतात. आणि तिघे कधी कधी तीन गोष्टी सांगतात.

मराठी माणसांच्या बाबतीत तर या टोपणनावांनी मोठीच करमणूक केली आहे. सी. रामचंद्र गाताना 'चितळकर' असत. काही चित्रपटांवर ते 'राम चितळकर', तर काहींवर 'अण्णासाहेब' होते. वासुदेव भाटकर यांनी कन्येच्या नावावरून 'स्नेहल भाटकर' हे नाव घेतले आणि 'बी. वासुदेव' या नावानेही संगीत दिले. मराठी चित्रपटांचे संगीतकार 'आनंदघन' म्हणजे लता मंगेशकर, हे तर आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे; परंतु ज्ञात होण्यापूर्वी तेही एक कोडेच होते. अशी शेकडो कोडी सामान्य रसिकांनी पत्रापत्री करून सोडवली.

या श्रमांचे सर्वांत मोठे फळ म्हणजे कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांचा 'हिंदी फिल्म गीत कोश'. १९५१ ते १९६० या दशकाचा खंड १९८० मध्ये प्रथम निघाला. १९३१ पासूनच्या पहिल्या दशकाचा खंड १९८८ मध्ये आला. प्रत्येक चित्रपट, त्यातील प्रत्येक गाण्याचे पहिले चरण, गायक, गीतकार, संगीतकार आणि तबकडीचा क्रमांक अशी त्याची रचना आहे. कोणा विद्यापीठाने हे काम हाती घेतले नव्हते, चित्रपटव्यवसायाने तर नाहीच. ठिकठिकाणच्या श्रोत्यांनी आपापल्या वह्या त्यासाठी उघडल्या. मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था निघाली. तिने श्रवणसभा भरविल्या आणि आपल्या नियतकालिकातून जुन्या कंपन्यांचे, कलावंतांचे व तबकड्यांचे इतिहास प्रसिद्ध केले. मराठीत शिरीष कणेकर यांच्या 'गाये चला जा'सारख्या पुस्तकाने हीच भांडणे साहित्याच्या अंगणात आणली. जाणकारी आणि जिव्हाळा यांचे वैर नाही, हे त्या पुस्तकाच्या वाचकांना वेगळे सांगावे लागले नाही.

रसिकांच्या या जगाला दोष नाहीत असे मात्र नव्हे. आपल्या तारुण्यात ऐकले ते सुवर्णयुग आणि त्यानंतरचा सारा गोंगाट, हा निवाडा प्रत्येक पिढीने दिला आहे. सैगल यांच्या भक्तांनी तो रफी-मुकेशांच्या काळाविरुद्ध दिला आणि रफी-मुकेशांच्या भक्तांनी तो पुढच्यांविरुद्ध दिला. लताबाई श्रेष्ठ की आशाबाई, या प्रश्नावर मैत्र्या तुटल्या आहेत. पुष्कळदा गाण्यावरचे मत हे गाण्याविषयी नसतेच; ते त्या वर्षाविषयी, त्या घराविषयी, बरोबर बसून ऐकणाऱ्या आणि आता नसलेल्या माणसाविषयी असते. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. फक्त त्याला पुरावा समजू नये.

दुसरा दोष अधिक गंभीर. रसिकांचे लक्ष गायकावर आणि संगीतकारावर एवढे खिळले, की वादकवृंद अंधारात राहिला. मुंबईच्या ध्वनिमुद्रण-कक्षांत व्हायोलिन, ट्रम्पेट, पियानो वाजविणाऱ्यांत गोव्याचे ख्रिस्ती कलावंत मोठ्या संख्येने होते. स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण त्यांना गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मिळालेले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचे नाव एका विनोदी गाण्यात दुमदुमले, आणि ते खऱ्या माणसाचे नाव आहे हे फार थोड्यांना माहीत होते. गाण्याच्या आरंभीचे जे सूर ऐकताच श्रोत्याला गाणे ओळखू येते, ते सूर कोणी लिहिले आणि कोणी वाजविले, याची नोंद तबकडीवर नव्हती. म्हणून श्रोत्याच्या वहीतही नव्हती. अलीकडच्या दोन-तीन दशकांत अभ्यासकांनी वृद्ध वादकांना गाठून काही नावे मिळवली. परंतु पुष्कळजण विचारणारा येण्यापूर्वीच गेले होते. कामिनी कोण, हे विचारणारे हजारो निघाले. व्हायोलिन कोणाचे, हे विचारणारे वेळेवर निघाले नाहीत.

आणि जे जमले तेही सुरक्षित आहे असे नाही. लाखेची तबकडी हातातून निसटली की तिचे तुकडे होतात. नायट्रेटच्या चित्रफिती आपोआप कुजतात आणि पेट घेतात. २००३ साली पुण्यात जुन्या चित्रफितींचा मोठा साठा आगीत गेला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले तोवर मूकपटांचा बहुतेक वारसा आणि आरंभीचे कितीतरी बोलपट नष्ट झाले होते. संग्राहकाच्या घरी तर धोका निराळाच. ज्याने आयुष्यभर पै-पै साठवून पाच हजार तबकड्या जमवल्या, त्याच्यामागे घरच्यांना जागेची अडचण होते, आणि त्या वजनावर विकल्या जातात. तबकड्या कदाचित दुसऱ्या रसिकाच्या हाती पडतीलही. परंतु कोणत्या तबकडीवरचे नाव चुकीचे आहे, हे जे त्याला तोंडपाठ होते, ते त्याच्याबरोबर जाते. आज यंत्राच्या एका स्पर्शाने हजारो जुनी गाणी ऐकू येतात. तरी गाण्याखालचे नाव बरोबर की चूक, हे सांगायला वही ठेवणारा माणूसच लागतो.

'आलमआरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यातील सात गाण्यांचे मूळ मुद्रण कोणालाही ऐकता येत नाही, कारण तबकड्या निघाल्या नव्हत्या. तथापि ती सात होती, त्यांचे पहिले चरण कोणते, आणि पहिले गाणारा कोण, हे कोशात लिहिलेले आहे. ज्यांनी ते लिहिले आणि लिहिण्यास साह्य केले, त्यांपैकी बहुतेकांच्या कानांवर ती गाणी पडलेली नव्हती. न ऐकलेल्या गाण्याचीही नोंद त्यांनी राखली. बैठक उठल्यावरही समईत तेल घालून बसणारी माणसे असतात, ती अशी.